मोत मावली कुणाची?

दांडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक गांधीजींची, मिठाची. दुसरी लेक्चरला मारायची. मिठाची दांडी तिकडे गुजरातेत, नवसारीजवळ. आपली दांडी इथली, बोईसरच्या पश्चिमेला, उच्छेळीला लागून, खाडीच्या तोंडावरची. किनाऱ्यावर होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी आणि समोर नुसता समुद्र.

समजा, सप्टेंबर सुरू झालाय. नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या. कॉलेजात पहिल्या टेस्टचं टाइमटेबल लागलंय. आणि याच दिवसांत इन्स्टावर एक टेकडी दिसायला लागते. दगडी चर्च, दोन मनोरे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांचे ढीग, झेंडूचे हार आणि अफाट गर्दी. वांद्र्याची जत्रा. मुंबई-वसईकडच्या कोळीवाड्यांतून बायामाणसं पहाटेच निघालेली असतात, त्यातल्या कितीतरी जणींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू असतं. तुम्ही त्या चर्चला 'माउंट मेरी' म्हणता. त्या म्हणतात 'मोत मावली'.

तुम्ही म्हणाल, वांद्र्याचा आणि आपला काय संबंध? नव्वद-एक किलोमीटर लांबची गोष्ट. पण पाचशे वर्षांपूर्वी वांद्रं हेसुद्धा एक गावच होतं. शेतं, ताडामाडाच्या वाड्या, कोळीवाडा आणि खाडी. तुमच्या गावासारखंच. आणि तुमच्या किनाऱ्यावरून जी दोन वादळं गेली, एक पोर्तुगीजांचं आणि दुसरं मराठ्यांच्या फौजेचं, तीच त्या टेकडीवरूनही गेली. म्हणून म्हणतो, एक दिवस दांडीहून निघा, कॉलेजला दांडी मारून निघालात तरी आम्ही कुणाला सांगणार नाही.

आधी तारापूर

बोईसर स्टेशन गाठायच्या आधी जरा उलट्या दिशेला, तारापूरला चक्कर मारा. अणुऊर्जा केंद्रामुळे तारापूर हे नाव देशभर गेलं, पण गावातल्या किल्ल्यापर्यंत फार थोडे जातात. पोर्तुगीजांच्या अमलात हे भरभराटीचं ठाणं होतं. डॉमिनिकन साधूंचा मठ इथे होता. मठ म्हणजे रोजची प्रार्थना, घंटा, सणावाराची मिरवणूक. या किनाऱ्यावर ते सगळं होतं.

मग १७३९ साल उजाडलं. चिमाजी अप्पांची फौज या पट्ट्यात उतरली. केळवे-माहीम, शिरगाव, डहाणू अशी ठाणी एकामागून एक पडली. तारापूरला मात्र झुंज कडवी झाली. बाजी भिवराव रेठरेकर, बाजीराव-चिमाजींच्या अगदी जवळचा सरदार, इथेच गोळी लागून पडला. किल्ला मराठ्यांनी घेतला, पोर्तुगीज गेले. पुढे किल्ला तारापूरच्याच विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे गेला. मठातली घंटा, मिरवणूक, सगळं थांबलं. आज तिथे मेणबत्ती लावायला म्हणून कुणी येत नाही.

आता हा प्रश्न खिशात ठेवा आणि गाडी पकडा. त्याच युद्धात वांद्र्याच्या टेकडीवरचं देऊळही पडलं होतं. मग तारापूर सुनं का झालं आणि वांद्र्याला लाखो लोक कसे जातात?

गाडीतून

उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे. वैतरणेचा पूल आला की दारातली मुलं थोडी शांत होतात, पूल ओलांडला की पुन्हा सुरू. विरार, नालासोपारा, वसई. इथे डबा बदलतो. आसपास कान दिलात तर 'संध्याकाळी देवळात जायचंय' असं एखादी मावशी म्हणताना ऐकू येईल, आणि तिच्या गळ्यात क्रूस असेल. गोंधळून जाऊ नका. वसईच्या ख्रिस्ती घरांत चर्चला देऊळच म्हणतात. ही माणसं घरात मराठीच्या बोली बोलतात, भात लावतात, केळी-पानवेल पिकवतात, मासेमारी करतात. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आणि मागे जायचं तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओवीत लिहिली, ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. म्हणजे हे नातं कालपरवाचं नाही.

पण हेही खरं, की ते सगळं प्रेमाने झालेलं नाही. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटं पोर्तुगीजांना दिली. सत्ता आली तसे पाद्री आले. देवळं पडली, काहींची चर्च झाली. गाडी दहिसर-बोरिवलीच्या मध्ये असेल तेव्हा पश्चिमेला, खिडकीतून दिसणार नाही इतक्या अंतरावर, मंडपेश्वराचं लेणं आहे. शिवाचं लेणं. पोर्तुगीजांनी त्यात चर्च केलं आणि वर मठ बांधला. लेण्याच्या भिंतीत कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो, वर मठाच्या पडक्या भिंती दिसतात. एकदा उतरून बघाच. पुरातत्त्व खात्याच्या पाटीपेक्षा ती भिंत जास्त बोलते.

तर दोन्ही बाजूंनी पाडापाडी झालेली आहे. कुणी तुम्हाला त्यातली एकच अर्धी गोष्ट फॉरवर्ड करत असेल, तर दुसरी अर्धी आपली आपण शोधायची.

टेकडी

वांद्र्याला पश्चिमेला उतरा. जत्रेच्या आठवड्यात बेस्टच्या जादा बस असतात, पण जमलं तर चाला. हिल रोड म्हणजे तुमच्यासाठी कपड्यांची खरेदी, पण तोच रस्ता पुढे सेंट अँड्र्यूज चर्चपाशी जातो. हे पोर्तुगीज काळातलं. त्याच्या जवळच चिंबईचा कोळीवाडा. थोडं अलीकडे रानवार गावठाण, बसक्या घरांचं, लाकडी जिन्यांचं, ज्याच्या भिंतींवर आता ग्राफिटी काढलेली असते. इथल्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांना 'ईस्ट इंडियन' म्हणतात. नाव ऐकून हसू येईल, पण त्यामागे पोटाचा प्रश्न होता. गोवा-मंगळूरकडून नोकरीला आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ईस्ट इंडिया कंपनीची आठवण देणारं हे नाव घेतलं. भूमिपुत्र असल्याचं प्रमाणपत्र शोधायची वेळ आपल्याकडे फार आधीपासून आलेली आहे.

आता चढ. वर पोहोचलात की समोर चर्च आणि पाठीमागे, झाडांच्या फटीतून, समुद्र.

या टेकडीवर पहिलं देऊळ बांधलं ते जेझुइट पाद्र्यांनी, सोळाव्या शतकात. साधंसं, लहान. सोबत पोर्तुगालहून आणलेली मारियेची मूर्ती. पुढे १६४० मध्ये खाली टोकावर पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, 'कास्टेला दे आग्वादा'. बँडस्टँडला फोटो काढता ना, तोच. वर देवी, खाली तोफा, समोर माहीमची खाडी आणि पलीकडे लवकरच इंग्रज. अशा जागेवर देऊळ शांत कसं राहणार?

१७०० साली मस्कतकडच्या अरब चाच्यांनी हल्ला केला. मूर्तीच्या हातात सोन्याचा मुलामा दिलेली वस्तू होती. ती सोन्याची समजून त्यांनी मूर्तीचा उजवा हातच तोडला. चर्चला आग लावायला निघाले तेव्हा मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि चाचे पळाले, अशी गोष्ट सांगतात. मधमाश्यांचं खरं-खोटं करत बसू नका. आपल्याकडे गावोगावच्या देवीने अशाच मधमाश्या सोडून शत्रूला पळवलेलं आहे. गोष्ट सांगणारे लोक तेच होते, देवीचं नाव तेवढं नवं होतं.

आणि मग आलं मराठ्यांचं युद्ध. १७३७ ला ठाणं पडलं, १७३९ ला वसई. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्याने तो सुरुंग लावून उडवला गेला. टेकडीवरचं मारियेचं देऊळ याच धामधुमीत पडलं. मराठ्यांच्या स्वारीत पडलं असंच सगळीकडे सांगतात.

इथे जरा थांबू. कारण वसईचा विजय म्हटलं की आपली छाती फुगते, आणि ती फुगावीच. त्या काळात युरोपातल्या सत्तेला तिच्याच किल्ल्यात हरवणं ही साधी गोष्ट नव्हती. वसईसाठी चिमाजींनी वज्रेश्वरीला नवस केला होता, जिंकल्यावर देवळाच्या रूपाने तो फेडला, असं सांगतात. वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यासारखं का दिसतं, हे सहलीला गेल्यावर तुम्हीही विचारलं असेल. आणि चर्चमधल्या घंटा? त्या हत्तींवरून, गाड्यांवरून देशावर गेल्या असतील. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक आहे. तिचा आवाज इतका लांब जाई, की मोठमोठ्याने बोलणाऱ्याला 'नारोशंकराची घंटा' म्हणायची पद्धत पडली. एक भीमाशंकरला. एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर. 'स्वदेस' पाहिलाय? त्यातला तोच घाट. त्या घंटेवर मारिया आणि बाळ येशूची आकृती आहे. कृष्णेच्या काठी देवदर्शनाला आलेला माणूस ती घंटा वाजवतो. आई आणि तिच्या कडेवरचं बाळ, यात त्याला काही परकं वाटत नाही.

एका बाजूला नवस फिटला, दुसऱ्या बाजूला नवसाची जागा पडली. ज्या कोळणी टेकडीवर जात होत्या, त्यांचं काय झालं असेल? पोर्तुगीजांना गोव्याला, दमणला जाता आलं. कोळीण कुठे जाणार? तिची होडी इथे, खाडी इथे.

पानिपताचं वर्ष

आता मुद्द्याचं. माउंट मेरीचं देऊळ पुन्हा बांधलं गेलं ते १७६०-६१ मध्ये. हे आकडे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असतात आणि लोक वाचून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. इतिहासाचं पुस्तक उघडा. साष्टी, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचा सगळा भाग, इंग्रजांनी कधी घेतला? १७७४ च्या डिसेंबरात. तोवर तिथे राज्य कुणाचं होतं? पेशव्यांचं.

म्हणजे ज्यांच्या स्वारीत ते देऊळ पडलं, त्यांच्याच राज्यात ते पुन्हा उभं राहिलं. चौदा जानेवारी १७६१ ला तिकडे पानिपतावर लाखाची बांगडी फुटली आणि त्याच सुमारास इकडे पेशव्यांच्या मुलखात, समुद्राकाठच्या एका टेकडीवर, मारियेचं देऊळ बांधलं जात होतं.

हे चोरून-लपून झालं नाही. वसई सोडताना झालेल्या तहातच अट होती, की जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागता यावं. पोर्तुगीज पाद्री गेले, त्यांची जागा इथल्याच देशी पाद्र्यांनी घेतली. १७६० च्या सुमारास अँकतील द्युपेराँ नावाचा एक फ्रेंच अभ्यासक साष्टीत फिरत होता. पारशांच्या अवेस्ता ग्रंथाचं भाषांतर करून पुढे तो युरोपभर गाजला. त्याने ठाण्यात चर्चचा सण पाहिला. हजारो ख्रिस्ती लोक जमलेले, पाद्री सगळे देशी, थाटमाट गोव्यासारखा. राज्य मराठ्यांचं, आणि कुणी अडवत नव्हतं.

यावरून मराठी राज्य म्हणजे सर्वधर्मसमभावाचं पोस्टर होतं, असं मी म्हणणार नाही. राज्यकर्त्यांना शेतसारा हवा होता, मासेमारी चालू हवी होती, आणि त्यासाठी रयत टिकायला हवी होती. रयत टिकली तर तिचे देवही टिकतात, इतका हा व्यवहार साधा असेल. पण व्यवहार म्हणूनसुद्धा तो चांगला होता. निदान मला तरी १७३९ इतकंच १७६१ हे साल आपलं वाटतं, आणि शाळेत त्यातलं पानिपतच तेवढं का शिकवलं, असा प्रश्न पडतो.

खिशातल्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. तारापूरचा मठ साधूंचा आणि शिबंदीचा होता. ते गेले, मठ संपला. वांद्र्याच्या टेकडीखाली चिंबई होती, रानवार होतं, माणसं होती. बावीसएक वर्षं वर देऊळ नव्हतं, तरी खालची माणसं तिथेच होती.

तीच मूर्ती?

बांधलं खरं, पण मूर्ती? काही काळ टेकडीवर दुसरीच मूर्ती होती, 'दर्यावर्दींची माता'. ती आता खाली सेंट अँड्र्यूजमध्ये आहे. तिच्याबद्दल कोळीवाड्यात गोष्ट सांगतात, की एका कोळ्याला स्वप्न पडलं, समुद्रात तुला मूर्ती मिळेल. तो गेला, आणि मूर्ती खरंच पाण्यावर तरंगत होती. आपल्या किनाऱ्यावर अशा गोष्टी किती आहेत, आठवून बघा. जाळ्यात सापडलेला देव, स्वप्नात येऊन जागा दाखवणारी देवी. पाद्र्यांनी पोर्तुगालहून आणलेली ती पाद्र्यांची. समुद्रातून मिळालेली ती आमची. कोळ्यांनी त्या गोष्टीतून परक्या देवीला आपल्या जाळ्यात घेतलं, असं मी वाचतो. पुढे जुनी, हात तुटलेली मूर्ती दुरुस्त होऊन पुन्हा वर गेली आणि आज मुख्य वेदीवर तीच आहे.

नावाचंही तसंच. पोर्तुगीज भाषेत 'मोंत' म्हणजे डोंगर. डोंगरावरची बाई. कोळ्यांच्या तोंडी त्याचं 'मोत' झालं, आणि समुद्रावर जगणाऱ्या माणसाला 'मोत' म्हटलं की मोतीच आठवणार. म्हणून मोत मावली, मोत्याची आई. आणि मावली म्हणजे तर माउली. आळंदीला जी हाक घालतात, तीच वांद्र्याला.

खाडी, पूल आणि पारशी

माहीमच्या बाजूने येणाऱ्यांना खाडी आडवी होती. होडीने यायचं. पावसाळा संपता संपता, म्हणजे ऐन जत्रेच्या दिवसांतही, खाडी खवळलेली असते. होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. १८४१ मध्ये वीसएक होड्या एकदम उलटल्याची नोंद आहे. पूल बांधायला कंपनी सरकारकडे पैसे नव्हते. शेवटी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, या पुलावर कधीही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे सुरू झाला. दादर-माहीममधला 'एल. जे. रोड' म्हणजे लेडी जमशेटजी रोड. आजच्या टोलनाक्यांवर उभं असताना या बाईंची आठवण काढायला हरकत नाही.

टेकडीच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांनाही एका पारशी शेठचं, बोमनजींचं नाव आहे. आणि आत्ता जे चर्च तुमच्यासमोर आहे, ते १९०४ मधलं, त्याचे आर्किटेक्ट होते शापूरजी चंदाभॉय. म्हणजे तेही पारशी. ज्यू घरातली मारिया, पोर्तुगिजांची मूर्ती, कोळ्यांचं नाव, मराठ्यांच्या राज्यातली पुनर्बांधणी आणि पारशाची इमारत. १९५४ मध्ये पोपने त्याला 'बॅसिलिका'चा मान दिला.

आत जा. चपला बाहेर काढायची सक्ती नाही, तरी अनेक जण सवयीने काढतात. भिंतींवर मारियेच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. जत्रेच्या दिवसांत मिस्सा मराठीत असते, कोकणीत, इंग्रजीत, हिंदीत, तमीळमध्येही. मराठीतल्या मिस्सेला पाच मिनिटं मागे उभं राहून ऐका. कीर्तन ऐकून वाढलेल्या कानाला त्यातले शब्द फार लांबचे वाटत नाहीत.

मेणाचे पाय

खरी गंमत बाहेर, स्टॉलवर. मेणाचा पाय, मेणाचा हात, मेणाचं हृदय, मेणाचं बाळ, मेणाचं घर. ज्याचं जे दुखतंय किंवा ज्याला जे हवंय, त्याने ते मेणात घ्यायचं आणि आईच्या पायाशी ठेवायचं. पाय दुखत असेल तर पाय. मूल होत नसेल तर बाळ. अलीकडे विमानं दिसतात, परदेशी जायची इच्छा असणाऱ्यांसाठी. डहाणूच्या महालक्ष्मीला किंवा कार्ल्याच्या एकवीरेला तुमच्या घरचे जे मागतात, त्याहून हे वेगळं नाही. आणि घेणाऱ्यांत साडी नेसलेली, बुरखा घातलेली, जीन्सवाली, सगळ्या असतात. शेजारी पिशव्या भरभरून चणे आणि साखरेत घोळवलेल्या 'कडियो-बोडियो' विकायला असतात. घरी आल्यावर चार दिवस पुरतात.

या रांगेला अलीकडे एकदाच खंड पडला. २०२० आणि २०२१ मध्ये, करोनात, जत्राच भरली नाही. तुम्ही तेव्हा शाळेत होता, ऑनलाइन. चर्चही ऑनलाइन होतं. लोकांनी मोबाइलवर मिस्सा पाहिली आणि घरातच मेणबत्ती लावली. २०२२ ला रस्ता पुन्हा भरून गेला.

मला त्या दोन वर्षांचं जास्त कुतूहल आहे. कारण १७३९ नंतरची बावीस वर्षं कशी असतील, याची थोडी कल्पना त्यावरून येते. वर काही नाही, फक्त पडके दगड. तरी ८ सप्टेंबरला चिंबईतल्या एखाद्या बाईने घरात दिवा लावलाच असेल. तिची नोंद कुणी ठेवलेली नाही. चिमाजींची पत्रं आहेत, पोर्तुगीज कप्तानांचे अहवाल आहेत, फ्रेंच प्रवाशाचं पुस्तक आहे. तिचं काही नाही. आणि गंमत म्हणजे तीच नसती, तर हे देऊळ पुन्हा बांधायला कुणी आलंच नसतं.

जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. रविवारी गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मधला वार गाठा, आणि परतीला डहाणू लोकलचं टाइमटेबल आधी बघून ठेवा. चुकली तर विरारच्या प्लॅटफॉर्मवर किती वेळ काढावा लागतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार. स्टॉलवर मेणाचं पुस्तकही मिळतं. एटीकेटीवाल्यांनी विचारायला लाजू नये.

घरी पोहोचलात की आजीच्या हातावर चणे ठेवा आणि सहज विचारा, आपल्या घरातलं कुणी कधी वांद्र्याला नवस बोललं होतं का? 'हो' म्हणाली, तर मेणाचं काय वाहिलं होतं, तेही विचारून घ्या.